पेढा पिंजरा का चावतो?

गेले पाच महिने माझ्या वाकडच्या वन बीएचकेमध्ये माझ्याबरोबर सव्वाशे ग्रॅम वजनाचा एक जीव राहतोय. नाव पेढा. जात हॅम्स्टर, रंग खरपूस भाजलेल्या पेढ्याचा, म्हणून भाचीने ठेवलेलं नाव. खरं तर तो भाचीचाच. आठव्या वाढदिवसाला भाऊजींनी आणून दिला होता. माझ्याकडे तो आला, त्याला कारण आवाज.

तर झालं असं की एका रविवारी ताई थेट पिंजरा हातात घेऊन दारात उभी. "हा मेला रात्रभर झोपू देत नाही रे. हिची शाळेची बस सव्वासातला येते. तू नाहीतरी रात्री जागाच असतोस, ठेव थोडे दिवस तुझ्याकडे." मागून भाचीचा बारीक आवाज, "मामा, त्याला ओरडायचं नाही हं."

रात्री जागा असतो हे खरं. आमच्या टीमचे क्लायंट अमेरिकेत, त्यामुळे कॉल साडेदहापर्यंत चालतात. पण जागं असणं आणि जागं ठेवलं जाणं ह्यात फरक आहे, तो मला पहिल्याच रात्री कळला. साडेअकराला पेढेसाहेब उठले, अंग चाटलं, दोन दाणे गालात कोंबले, आणि पिंजऱ्याच्या दाराशी जाऊन तोंडात एक गज पकडला. मग जे सुरू झालं ते पावणेपाचपर्यंत अधूनमधून चालूच. कट कट कट कट. कोणीतरी खिडकीच्या गजांवरून स्टीलचा चमचा फिरवतंय, आणि तेही तुमच्या उशाशी, असं समजा.

मंडळी, हॅम्स्टर पाळणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडतो, की हे गज चावणं बंद कसं करायचं? मलाही तोच पडला. आज पाच महिन्यांनी माझं मत असं झालंय की हा प्रश्नच चुकीचा आहे. पण त्या मतापर्यंत पोचायच्या आधी मी जे गाढवपणे केले ते सांगतो, कारण तेच बहुतेक सगळे करतात.

पहिला उपाय दुकानदाराचा. "दात शिवशिवतात साहेब त्याचे. लाकूड द्या चावायला." ह्यात अर्धं खरं आहे. कुरतडणाऱ्या प्राण्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवायला काहीतरी कडक लागतंच. मी पेरूची एक फांदी आणली, धुऊन, वाळवून दिली. पेढ्याने ती मनापासून सोलली. पंधरा मिनिटं. मग फांदी तिथेच टाकून तो परत दाराशी गेला. कट कट कट. शिवशिवणाऱ्या दातांना लाकूड आणि लोखंड सारखंच चाललं असतं. ह्याला मात्र दारच हवं होतं.

दुसरा उपाय ऑफिसातल्या एका मित्राचा. "गजांना लिंबू चोळ, नाहीतर मिरचीचं पाणी लाव. एकदा जीभ पोळली की परत जाणार नाही." मिरचीचं धाडस झालं नाही, लिंबू चोळलं. पेढ्याने गज तोंडात धरला, सोडला, आणि दोन्ही पंजांनी नाक चोळत बसला. बराच वेळ चोळत होता. तेव्हा मी पहिल्यांदा मोबाईलच्या उजेडात नीट पाहिलं, तर नाकाच्या वर केस गेलेली एक गुलाबी पट्टी होती. गजांवर घासून घासून झालेली. त्या सोललेल्या कातडीवर मी लिंबू लावलं होतं. आणि आठ मिनिटांनी तो शेजारच्या गजापाशी होता, जिथे माझा हात पोचला नव्हता.

तिसरा उपाय माझा स्वतःचा. तो चावायला लागला की पिंजऱ्यावर टिचकी मारायची. त्याने तो थबकायचा, घाबरून कोपऱ्यात जायचा, आणि मी झोपेपर्यंत वाट बघायचा. चौथा उपाय सगळ्यात मूर्खपणाचा. कंटाळून मी त्याला बाहेर काढायचो, पलंगावर फिरवायचो, सूर्यफुलाची एक बी द्यायचो. चार दिवसांत पेढ्याला कळलं की गज वाजवला की माणूस येतो, दार उघडतं आणि बी मिळते. मी त्याला शिकवतोय असं मला वाटत होतं, पण प्रत्यक्षात शिकवणी उलट दिशेने चालली होती.

इथे एक जुनी गोष्ट आठवली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे रात्रीची ऑन-कॉल ड्यूटी असायची. एका सर्व्हरची डिस्क ऐंशी टक्के भरली की अलर्ट यायचा, आणि तो रोज रात्री दोन-अडीचला यायचा. तीन रात्री सहन केलं. चौथ्या रात्री मी अलर्टची मर्यादा ऐंशीवरून पंच्याण्णव केली आणि शांत झोपलो. रविवारी सकाळी डेटाबेस बंद पडला. मॅनेजरने ओरडाआरडा केला नाही, फक्त विचारलं, "तुला आवाज बंद करायचा होता का डिस्क रिकामी करायची होती?" ह्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाही देता आलं नव्हतं. लिंबू चोळतानाही मी तेच करत होतो.

मग मी एका शनिवारी टेप घेऊन बसलो. पेढ्याचा पिंजरा पस्तीस बाय अठ्ठावीस सेंटीमीटर. म्हणजे ९८० चौरस सेंटीमीटर. एक ए-फोर कागद साधारण ६२४ चौरस सेंटीमीटरचा असतो, म्हणजे दीड कागद. त्यात एक वाटी, एक प्लास्टिकचं घर आणि बारा सेंटीमीटरचं चाक, ज्यात पळताना त्याची पाठ धनुष्यासारखी उलटी वाकायची. खाली भुशाचा दोन बोटं थर.

आता ह्या आकड्याशेजारी दुसरे आकडे ठेवा. स्वित्झर्लंडमध्ये बर्न इथल्या संशोधकांनी नेमक्या ह्याच गोष्टीवर, म्हणजे हॅम्स्टरच्या गज चावण्यावर, प्रयोग केले आहेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात त्यांनी हॅम्स्टर चार आकारांच्या पिंजऱ्यांत ठेवले. १,८००, २,५००, ५,००० आणि १०,००० चौरस सेंटीमीटर. चाक सगळ्यांना दिलं होतं. गज चावणं चारही आकारांत दिसलं, पण लहान पिंजऱ्यातले जास्त वेळा आणि जास्त वेळ चावत होते. लक्षात घ्या, त्यांच्या प्रयोगातला सगळ्यात लहान पिंजराही पेढ्याच्या पिंजऱ्याच्या जवळजवळ दुप्पट होता. म्हणजे वैज्ञानिकांनी 'लहान' म्हणून जो घेतला, त्याच्याही खाली आमच्याकडे दुकानात पिंजरे मिळतात, आणि त्यावर हसऱ्या हॅम्स्टरचं चित्र असतं.

त्याआधी २००६ साली त्याच गटाने आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ४५ नर हॅम्स्टर, पंधरा-पंधराचे तीन गट. जागा सगळ्यांना सारखीच, फरक फक्त खालच्या थराच्या खोलीचा. १० सें.मी., ४० सें.मी. आणि ८० सें.मी. ज्यांच्याकडे दहा सेंटीमीटरच थर होता ते बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त गज चावत होते, आणि चाकावरही जास्त पळत होते. लांबीरुंदी तेवढीच. वाढवली ती फक्त खोदायला मिळणारी खोली.

हे वाचलं आणि मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. कारण मी 'जागा' म्हणजे फ्लॅटची जागा समजत होतो. कार्पेट एरिया. पेढ्याच्या दृष्टीने जागा म्हणजे खाली किती जाता येतं ती.

आणि का नसावी? हा प्राणी मूळचा सीरियाच्या उत्तरेचा आणि लगतच्या तुर्कस्तानचा. तिथल्या शेतांमध्ये त्याची बिळं मोजली गेली आहेत, ती सरासरी पाऊण मीटरच्या थोडी आत खोल, काही एक मीटरपर्यंत. एका बिळात एक मोठा हॅम्स्टर. झोपायची खोली वेगळी, धान्याचं कोठार वेगळं. हा मुळात एकटा राहणारा, जमिनीखाली घर करणारा, धान्य साठवणारा शेतकरी प्राणी आहे. आम्ही त्याला उचलून जमिनीच्या वर, चहूबाजूंनी उघड्या जाळीत, टीव्हीशेजारी ठेवतो.

ह्यातली आणखी एक मजेशीर (म्हणजे पेढ्याच्या बाजूने मजेशीर) गोष्ट सांगतो. आज जगभर घरांमध्ये आणि प्रयोगशाळांमध्ये जे सोनेरी हॅम्स्टर आहेत, ते जवळजवळ सगळे एकाच कुटुंबातले आहेत. १९३० साली इस्राएल अहरोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने अलेप्पोजवळच्या एका शेतात खोल खणून एक मादी आणि तिची अकरा पिल्लं बाहेर काढली. जेरुसलेममध्ये सॉल ॲडलर हे संशोधक लिशमॅनियासिसवर काम करत होते (आपल्याकडचा काळाआजार हा त्याचाच एक प्रकार), त्यांना प्रयोगासाठी पिंजऱ्यात वीण होईल असा हॅम्स्टर हवा होता. पिल्लं जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात पोचली. आणि तिथे त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? त्यातल्या काहींनी लाकडी पिंजरा कुरतडला आणि पळून गेली. जी मूठभर उरली त्यांच्यापासून पुढचा सगळा वंश वाढला. म्हणजे पेढ्याच्या खानदानात पिंजरा कुरतडण्याची परंपरा पिंजऱ्याइतकीच जुनी आहे. फरक एवढाच, की तेव्हा पिंजरा लाकडाचा होता म्हणून उपयोग झाला. पोलादाच्या गजाला कुरतडून काही होत नाही, दात तुटतात.

इथे कोणीतरी म्हणेलच (भाऊजी म्हणालेच), की अरे, हा दुकानात जन्मला, ह्याचे आईबाप दुकानात जन्मले, ह्याला काय माहीत बीळ कशाशी खातात ते? ह्याला माझं उत्तर असं की मांजराचं पिल्लू आईशिवाय वाढलं तरी दोरी हलली की झडप घालतंच. त्याला कोणी उंदीर दाखवलेला नसतो. काही गोष्टी बघून येत नाहीत, त्या आतच असतात. नव्वद-शंभर वर्षं आम्ही हॅम्स्टरला पिंजऱ्यात ठेवलं, ह्याने पिंजऱ्याची सवय आम्हाला झाली. त्याला झाली असती तर तो चावत बसला नसता.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. ताईचा. "अरे, माणसांना जागा नाहीये ह्या शहरात. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सहा जण राहतात, आणि तू उंदराला बंगला बांधायला निघालास?" ह्यावर मला पटकन बोलता आलं नाही. पण नंतर विचार केला. दहा बाय दहात राहणाऱ्या माणसाने ती खोली हौस म्हणून निवडलेली नसते. हॅम्स्टर मात्र आपण निव्वळ हौस म्हणून आणतो. तो आणला नाही म्हणून कोणाचं काही अडत नाही. आपली जागा कमी आहे हे खरं असेल, तर त्यातून निघणारा निष्कर्ष 'त्याला दीड कागदात ठेवा' हा नसून 'आणू नका' हा आहे. आणि केवळ नैतिकतेचाच प्रश्न आहे असंही नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात, प्राण्याला हालचाल करायला पुरेशी लांबी, रुंदी, उंची नसलेल्या पिंजऱ्यात ठेवणं हे क्रूरतेच्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे. आपण तो फक्त सर्कशीतल्या वाघाला लागू होतो असं समजतो.

मला विचाराल तर खरी गोम वेगळीच आहे. पिंजरा विकत घेतो एक आणि वापरतो दुसरा. आमच्या ऑफिसातलं टाइमशीटचं सॉफ्टवेअर असंच आहे. ज्यांनी ते विकत घेतलं त्यांना कधी टाइमशीट भरावी लागत नाही, म्हणून ते तसं आहे. हॅम्स्टरचा पिंजरासुद्धा हॅम्स्टरसाठी बनवलेला नसतोच. तो आपल्याला आतलं दिसावं, उचलता यावा, टेबलावर मावावा, धुता यावा आणि आठशे रुपयांत बसावा, म्हणून तसा असतो. रंगीत नळ्या, दोन मजले, छोटी घसरगुंडी, हे सगळं आपल्यासाठी. ज्याला चोवीस तास त्यात काढायचे त्याचं मत कोणी विचारलेलं नसतं. मग तो रात्री साडेअकराला उठून ते मत देतो, दातांनी.

असो. भाषण पुष्कळ झालं. पुढे काय केलं ते सांगतो.

मासे पाळणाऱ्या एका ओळखीच्या काकांकडे चार फुटांची गळकी काचपेटी पडून होती. मासे ठेवता येत नाहीत म्हणून त्यांनी ती अठराशेला दिली. चार फूट बाय दीड फूट, म्हणजे साधारण ५,५०० चौरस सेंटीमीटर. पेढ्याच्या जुन्या घराच्या साडेपाचपट. (जर्मनीतली पशुवैद्यांची प्राणिकल्याण संघटना कमीत कमी १०० बाय ५० सेंटीमीटर सांगते, तेव्हा आपण फार काही उदार झालोय असा माझा गैरसमज नाही.) सुताराकडून लाकडी चौकटीला बारीक जाळी ठोकून झाकण करून घेतलं, कारण काचेच्या पेटीत हवा खेळायला वरची बाजू उघडी लागते. अर्ध्या भागात कागदी भुशाचा पंचवीस सेंटीमीटर थर, दाबून दाबून भरलेला, म्हणजे बोगदा ढासळत नाही. उरलेल्या अर्ध्यात दहा सेंटीमीटर. एक अठ्ठावीस सेंटीमीटरचं सलग पट्टीचं चाक, ज्यात पाठ सरळ राहते आणि पाय अडकत नाहीत. एका मातीच्या पसरट कुंडीत चाळलेली, भाजलेली वाळू, त्याला अंग घासायला. वाटी काढून टाकली, दाणे भुशात विखरून टाकायला लागलो, म्हणजे शोधण्यात त्याची रात्र जाते. सगळं मिळून साडेपाच हजारांच्या आसपास खर्च आला. पेढा स्वतः साडेचारशेला आला होता. हे प्रमाण ऐकून भाऊजींनी कपाळावर हात मारला.

आणि आता निकाल. मी इंजिनिअर माणूस, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. जुन्या पिंजऱ्यात मी पाच रात्री मोबाईलचा कॅमेरा लावून ठेवला होता. अकरा ते पाच ह्या वेळात सरासरी एकशे चार मिनिटं गज चावणं. नव्या पेटीत गजच नाहीत, त्यामुळे चावणं शून्य! पण ह्या शून्यावर खूश होणं म्हणजे परत अलर्ट बंद करण्यासारखंच. म्हणून मी काचेचे कोपरे खरवडणं आणि झाकणाकडे उड्या मारणं मोजायला लागलो. पहिल्या आठवड्यात रोज चाळीसेक मिनिटं. हा आकडा बघून माझं तोंड उतरलं. पण तिसऱ्या रात्री त्याने पहिला बोगदा काढला, आठवड्याभरात काचेला लागून एक खोली दिसायला लागली, आणि पाचव्या आठवड्यात खरवडणं रोज दहा मिनिटांच्या आत आलं.

तरीही शंका होतीच. म्हणून सहाव्या आठवड्यात जुन्या पिंजऱ्याचं दार, तेच ते दार, सुट्टं करून पेटीत उभं केलं. पहिल्या रात्री पेढा बिळातून वर आला, वास घेतला, सरळ त्या दारापाशी गेला आणि अकरा मिनिटं ते चावत राहिला. दाराच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा होती. त्याला कुठेही जाता येत होतं. तरी तो तिथे उभा राहून तोच गज चावत होता.

मंडळी, तो व्हिडिओ मी पूर्ण बघू शकलो नाही. प्राण्यांमध्ये असं एकच एक कृत्य पुन्हा पुन्हा करण्याची सवय एकदा मुरली की परिस्थिती सुधारल्यावरही ती मागे राहू शकते, हे मी वाचलं होतं. वाचणं वेगळं. दुसऱ्या रात्री तो चार मिनिटं चावला, तिसऱ्या रात्री नुसता हुंगून गेला. चौथ्या दिवशी मी ते दार कचऱ्यात टाकलं. एका हॅम्स्टरवरून काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे. पण सिद्ध करायचं काम बर्नच्या लोकांनी आधीच केलेलं आहे. मला फक्त आमच्या पेढ्याचं बघायचं होतं.

तुमच्या घरी असा गज चावणारा कोणी असेल तर माझ्या मते क्रम असा लावा. आधी नाक आणि दात बघा. कातडी सोललेली असेल, दात तुटलेला किंवा वाकडा वाढलेला असेल, खाणं कमी झालं असेल, तर लहान प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या. मग लांबीरुंदी, मग खोली, मग चाक. एका पेटीत एकच हॅम्स्टर, 'त्याला सोबत' म्हणून दुसरा आणू नका, ते जिवावर उठतात. दिवसा त्याला उठवू नका. झोपायला कापसासारखे धागे असलेलं काही देऊ नका, ते पायांत गुंडाळलं जातं. साधा टिश्यू पेपर फाडून द्या. सुताराकडचा भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नका, त्यात कुठलं लाकूड आणि कुठलं रसायन असेल सांगता येत नाही. काचपेटी असेल तर पुण्याच्या एप्रिलमध्ये ती खिडकीपासून लांब, घरातल्या सगळ्यात गार भिंतीपाशी ठेवा. आणि कंटाळून टेकडीवर 'मोकळा' सोडून देण्याचा विचार तर करूच नका. इथलं ऊन, पाऊस, मांजरं, कावळे ह्यातलं त्याला काहीच माहीत नाही, एक रात्रसुद्धा निघणं कठीण.

आणि ज्यांनी अजून आणला नाही, पण मुलांच्या हट्टापायी विचार करताय, त्यांना एकच गोष्ट सांगायची आहे. ती मला माझ्या भाचीने शिकवली.

मागच्या रविवारी ती आली. चपला काढल्या न काढल्या तशी धावत पेटीपाशी. पाच मिनिटं काचेला नाक लावून बसली. मग माझ्याकडे वळली. "मामा, तो दिसतच नाहीये. गेला का?"

मी तिला काचेच्या खालच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे त्याची झोपायची खोली काचेला टेकली आहे. टिश्यूच्या लगद्यात एक पेढ्याच्या रंगाचा गोळा, श्वासाबरोबर वरखाली होणारा. तिने बघितलं. हसली. पण मग तिचे डोळे भरले. "माझ्याकडे होता तेव्हा रोज दिसायचा. माझ्याकडे बघायचा."

ह्याला काय उत्तर द्यायचं? तो तेव्हा दिसायचा कारण त्याला लपायला जागाच नव्हती, आणि तुझ्याकडे बघायचा असं वाटायचं कारण तू दाराच्या बाजूला बसायचीस. हे आठ वर्षांच्या मुलीला मी सांगू शकलो नाही. पण तुम्हाला सांगू शकतो. सुखात असलेला हॅम्स्टर दिवसा दिसत नाही. रात्री दिसतो, तोही त्याची इच्छा असेल तेव्हा. उचलून घ्यायला, कुरवाळायला, पाहुण्यांना दाखवायला काही हवं असेल तर ते हे नव्हे. मुलांना 'सोपा, छोटा, कमी कटकटीचा' प्राणी म्हणून हा देऊ नका. तो छोटा आहे एवढंच खरं आहे.

ताईने चहा घेता घेता विचारलं, "मग काय, शांत झालाय तर नेऊ का परत?" मी म्हटलं, ने की, पण पेटीसकट. आणि पेटी चार फुटांची आहे. ताईने मान हलवली. त्यांच्या मुलांच्या खोलीत एक पलंग, एक कपाट आणि अभ्यासाचं टेबल, झालं.

भाची काही बोलली नाही. दप्तरातून तिची पंधरा सेंटीमीटरची पट्टी काढली, पेटीच्या कडेला लावत लावत मोजलं. आठ वेळा पट्टी आणि थोडंसं वर. ते हातावर पेनाने लिहून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या टेबलाच्या जागी बसेल. मी जमिनीवर बसून अभ्यास करीन."

"बघू," ताई म्हणाली. "आधी बाबांना विचार."

बाबांनी अजून काही सांगितलेलं नाही. तोवर पेढा माझ्याकडेच आहे. आत्ता रात्रीचे पावणेबारा झालेत आणि पेटीतून भुसा उपसल्याचा आवाज येतोय.